फुगलेले कपॅसिटर

२००३च्या डिसेंबरात पुण्यातल्या आमच्या घरचा संगणक सकाळी सुरू होईनासा झाला. बटण दाबले की पंखा फिरे, ‘टूं’ असा एकच आवाज येई, विंडोजचे चिन्ह उमटे आणि पडदा तिथेच गोठे. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर मात्र तो दिवसभर निमूट चाले.

हा संगणक ‘असेंबल्ड’ होता. गल्लीतल्या एका मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि आम्ही दोघांनी ते माझ्या टेबलावर जोडले. बिघाड झाल्यावर त्याने रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने घातली, पॉवर सप्लाय बदलला, तोही पदरच्या पैशाने. गुण आला नाही. ‘जुना माल गळ्यात मारला’ असे मी चार लोकांत बोललो.

त्या ‘टूं’ने मला फसवले होते. आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हापासून अशी यंत्रे सुरू होताना स्वतःची तपासणी करतात आणि सारे ठीक असेल तर एक छोटा आवाज देतात. पण ही तपासणी त्या क्षणापुरती असते. पुढे प्रोसेसरवर ताण आला की त्याला स्थिर वीज मिळेल का, हे ती सांगत नाही.

ती वीज स्थिर ठेवण्याचे काम मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या भोवती उभ्या असलेल्या कपॅसिटरांचे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये कागद आणि त्यात मुरवलेला विद्युतवाहक द्रव, अशी ही गुंडाळी. प्रोसेसर वेगवान झाले तसे कमी अवरोधाचे कपॅसिटर हवे झाले, म्हणून द्रवात पाण्याचे प्रमाण वाढवण्यात आले. पाण्याने अ‍ॅल्युमिनियम गंजते. ते रोखणारी रसायने त्यात अचूक मिसळावी लागतात. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या मालात ती पुरेशी नव्हती. आत हायड्रोजन वायू साठे, डबी फुगे, कधी फुटून तपकिरी राळ बाहेर येई. जपानी कंपनीचे सूत्र कुणीतरी अर्धवट चोरले, अशी हकीकत तेव्हा गाजली. चोरीचा तो भाग आजवर शाबीत झालेला नाही. सदोष माल मात्र खरा होता. साधारण १९९९ ते २००७ या काळात त्याने जगभरची यंत्रे बंद पाडली.

थंडीत या द्रवाचा अवरोध आणखी वाढतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी यंत्र का अडे आणि थोडे तापल्यावर का चाले, याचा उलगडा त्यात होता. मी तो वाचला तो पुढच्या उन्हाळ्यात. झाकण काढून टॉर्च मारला. प्रोसेसरशेजारच्या सहा डब्यांच्या सपाट टोप्या पुरीसारख्या फुगल्या होत्या.

मी त्या मुलाकडे गेलो. त्याने काही न बोलता सहाही कपॅसिटर काढून नवे डाखले आणि फक्त त्यांची किंमत घेतली. संगणक पुढे पाच वर्षे चालला. गल्लीत मात्र त्याला पुन्हा जोडणीचे काम मिळाले नाही. मी सगळ्यांना खरा प्रकार सांगितला, पण आधीचे बोलणेच लोकांच्या लक्षात राहिले होते.

२००५ साली डेल कंपनीने सदोष कपॅसिटरांच्या दुरुस्तीपोटी तीस कोटी डॉलर खर्ची टाकले. तो आकडा इतिहासात नोंदला गेला. आपल्याकडे घरोघरी संगणक पोचवले ते अशा जोडणाऱ्या मुलांनी. त्यांनी पदरमोड करून बदललेले भाग आणि गमावलेली गिऱ्हाइके कुठल्याच ताळेबंदात नाहीत. त्यातली एक नोंद माझ्या नावावर आहे, म्हणून ती इथे करून ठेवतो.