स्टार एअर

स्टार एअर ही भारतातील एक प्रादेशिक विमान वाहतूक कंपनी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील संजय घोडावत समूह हा तिचा मालक असून तिचे मुख्य तळ बंगळूर येथे आहे. मोठ्या शहरांना लहान शहरांशी जोडणे हे कंपनीच्या सेवेचे प्रमुख स्वरूप आहे. मराठवाड्यात ही कंपनी नांदेड येथून सेवा देऊ लागली.

इतिहास

उद्योजक संजय घोडावत यांनी १९९३ मध्ये आपल्या उद्योगसमूहाची स्थापना केली. विमान वाहतुकीच्या क्षेत्रात समूहाने प्रथम भाडेतत्त्वावरील हवाई सेवेद्वारे प्रवेश केला. स्टार एअरचे पहिले नियमित प्रवासी उड्डाण २५ जानेवारी २०१९ रोजी बंगळूर ते हुबळी या मार्गावर झाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गी विमानतळावरील नियमित सेवेचा प्रारंभ याच कंपनीने केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोल्हापूर–मुंबई सेवा सुरू झाली. कोल्हापूर–तिरुपती हा कंपनीचा तीर्थयात्रेशी निगडित असलेला एक मार्ग होय.

विमानताफा

कंपनीच्या ताफ्यात ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची जेट विमाने आहेत.

* ईआरजे-१४५ : ५० आसने; एका बाजूला एक व दुसऱ्या बाजूला दोन अशी आसनरचना; इंजिने शेपटीजवळ. कंपनीची सुरुवात या विमानांनी झाली.
* ई-१७५ : ७६ आसने, त्यांपैकी १२ बिझनेस श्रेणीची, इंजिने पंखांखाली. हे विमान २०२३ मध्ये ताफ्यात दाखल झाले.

दोन्ही प्रकारांत मधले आसन नसते. लहान शहरांच्या मार्गांवर प्रवासी मर्यादित असल्याने सुमारे १८० आसनांच्या विमानापेक्षा अशी विमाने भरणे सोपे जाते. मात्र इंधन, वैमानिक व देखभाल यांचा खर्च कमी आसनांवर विभागला जात असल्याने प्रति आसन खर्च अधिक येतो.

उडान योजना

केंद्र शासनाच्या उडान योजनेत निवडलेल्या मार्गांवरील ठरावीक आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते. त्यामुळे होणारी तूट भरून काढण्यासाठी कंपनीला सर्वसाधारणपणे तीन वर्षे अनुदान मिळते. ही मुदत संपल्यावर मार्ग स्वबळावर टिकवावा लागतो. स्टार एअरचे अनेक मार्ग या योजनेतील आहेत.

नांदेड व लातूर

शीख धर्मीयांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असल्याने पंजाब व दिल्लीतून यात्रेकरूंची वर्दळ असते. गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये येथील विमानतळाचा विस्तार करण्यात आला. नांदेड–हैदराबाद हा उडान योजनेच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक असून २७ एप्रिल २०१७ रोजी ट्रूजेट कंपनीने एटीआर-७२ या पंखाचक्री विमानाने तो सुरू केला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाची अमृतसर सेवा सुरू झाली. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये बंद पडली.

३१ मार्च २०२४ रोजी स्टार एअरने बंगळूर–नांदेड–हिंडन–आदमपूर ही सेवा सुरू केली. हिंडन हा दिल्लीलगतचा, तर आदमपूर हा जालंधरजवळचा हवाई दलाचा तळ असून दोन्ही ठिकाणी नागरी टर्मिनल आहे. नांदेड ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे एक हजार किलोमीटर असल्याने तेथे जेट विमानाचा वेग उपयुक्त ठरतो. पंजाबला जाण्यासाठी रेल्वेने दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो.

लातूरचा विमानतळ १९९१ मध्ये बांधण्यात आला. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव व यवतमाळ हे पाच विमानतळ राज्य शासनाने ९५ वर्षांच्या भाडेकराराने रिलायन्स समूहाकडे सोपवले. धावपट्टी असूनही उडान योजनेचा लाभ लातूरला नांदेडप्रमाणे मिळाला नाही. धावपट्टीसोबतच वर्षभर टिकणारी प्रवासीसंख्या विमानसेवेसाठी आवश्यक असते, हे या दोन शेजारी शहरांच्या तुलनेतून दिसते.

सहल कंपन्यांच्या विमानसेवांशी तुलना

युरोपात टुईसारख्या सहल कंपन्या स्वतःच्या विमान कंपन्या चालवतात. विमान, हॉटेल व सहल यांची विक्री एकत्र होत असल्याने आसने आधीच भरलेली असतात. स्टार एअर अशा प्रकारची कंपनी नाही. तथापि नांदेड व तिरुपती यांसारख्या मार्गांवर यात्रेकरूंची ये-जा काही प्रमाणात तोच आधार पुरवते.