वळिवाला न फसणारी बी

मे १९७०. तुम्ही खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात आणि चपलेतूनही तळपाय भाजतायत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्चमध्येच झाली आहे, पण कुलाबा जिल्ह्याच्या या टोकाला तिची अजून चाहूल नाही. खाली भातखाचरं भेगाळलीत, पलीकडे मिठागरांत मिठाच्या राशी डोळे दिपवतायत. मुंबईकडे नेणारा खाडीवरचा पूल अजून झालेला नाही. सावली म्हणाल तर या एका शिंदीची, आणि तीही नावापुरतीच.

खडकाशी वाका. उदमांजराची वाळून कोरडी झालेली विष्ठा दिसते ना? तिच्यात शिंदोळ्याच्या, म्हणजे शिंदीच्या फळाच्या, बिया आहेत. एक उचला. दीड-दोन सेंटीमीटर लांब, एका अंगाला खोल खाच. पालथी करा, पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा गोल ठिपका सापडेल. त्याच्याखाली गर्भ आहे, बाकी सगळी शिदोरी. ती मॅनन नावाच्या बहुशर्करेची, इतकी कठीण की नखाचा ओरखडाही उठत नाही.

आता गर्भात शिरा. इथे पाणी जवळजवळ नाहीच. ते जाताना पेशींतल्या साखरा गोठून त्यांची काच झाली आहे आणि त्या काचेत प्रथिनं, पटलं जागच्या जागी अडकून पडली आहेत. श्वसन जवळपास थांबलेलं. या अवस्थेत उन्हाळा काढणं अवघड नाही. याच घडीला तिकडे इस्रायलमध्ये मसादा किल्ल्याच्या उत्खननात १९६३ ते १९६५ दरम्यान मिळालेल्या खजुराच्या बिया नुसत्या ठेवून दिलेल्या आहेत. खजूर आणि शिंदी दोघंही फिनिक्स प्रजातीतले. त्यांतली सुमारे दोन हजार वर्षांची एक बी २००५ साली पेरली जाईल आणि रुजेल. पण ती कोरड्या वाळवंटातली. आपल्याकडच्या दमट हवेत, बुरशी आणि किड्यांच्या शेजारात एवढं आयुष्य मिळत नाही. बीला कोरड मारत नाही, रेंगाळणारा दमटपणा मारतो.

आता खरी ओल येते. संध्याकाळी ढग गडगडतात आणि वळीव कोसळतो. पाणी आत शिरतं तसा गर्भात गोंधळ उडतो. सुकलेली पटलं एकदम भिजल्यानं गळू लागतात, साखर आणि क्षार बाहेर मातीत झिरपतात. थोड्या वेळानं पटलं सांधली जातात, श्वसन सुरू होतं, डीएनएचे तुटलेले धागे जोडायला घेतले जातात. बाहेरून पाहाल तर बी जराशी फुगली आहे, इतकंच.

चार दिवस पुढे या. पुन्हा रणरणतं ऊन, माती खडखडीत. बीही सुकली, साखरेची काच पुन्हा जमली. नुकसान फारसं नाही, उलट झालेली डागडुजी बऱ्याचदा पुढच्या वेळी कामी येते.

जून. मृगाचा पाऊस लागला आहे आणि तो थांबायचं नाव घेत नाही. काही आठवडे ओलांडा. ठिपक्यावरचं झाकण उचकटून एक पांढरा दांडा बाहेर पडतो. इथून माघार नाही. एकदा मूळ फुटलं की सुकून पुन्हा जगण्याची ताकद जाते. म्हणून तर हा दांडा वर न येता थेट मातीत उतरतो. त्याच्या टोकाशी मूळ आणि कोंब, दुसरं टोक बीतच राहून शिदोरी शोषतं आणि खाली पोचवतं. जुलैत उघडीप पडून वरची माती सुकली तरी कोंब खाली ओलीत असतो. ताड हाच डाव खेळतो, फक्त हातभर खोल. नारळाला मात्र थांबणंच माहीत नाही. त्याचा गर्भ सुकला की संपला.

आता आजच्या खारघरला परता. खिशात शिंदोळ्याच्या चार बिया राहिल्या असतील तर त्या भिजवा आणि उंच पिशवीत लावा. उथळ ट्रेमध्ये दांड्याला उतरायला जागा मिळत नाही. दांडा बाहेर पडेपर्यंत पाण्याचा एखादा दिवस चुकला तर बी सांभाळून घेईल, त्यानंतर ओल तुटू देऊ नका. आणि महिनाभर वर काहीच दिसलं नाही म्हणून उकरून बघायचा मोह आवरा. बोट लागून मोडेल तो नेमका तोच दांडा.