फौजदारी प्रक्रिया, मराठवाड्यातील

गुन्ह्याची खबर, तपास, अटक, चौकशी व न्यायनिवाडा यांचे नियमन करणारा विधी. कोणते कृत्य गुन्हा होय, हे दंडविधी सांगतो. तो गुन्हा सिद्ध करताना शासनाने कोणत्या मर्यादा पाळावयाच्या, हे प्रक्रियाविधी ठरवितो. मराठवाड्यात या विधीचा विकास ब्रिटिश मुंबई इलाख्याहून निराळ्या वाटेने झाला.

ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशात १८६० ची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता १८६१ ची. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे तत्त्व तीत आले व १८७२ च्या पुरावा अधिनियमात कायम झाले. कबुलीसाठी होणाऱ्या छळास आळा घालणे हा त्याचा हेतू होता.

परभणी जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. सालारजंग यांच्या सुधारणांनुसार १८६५ च्या सुमारास तेथे जिल्हा प्रशासनाची घडी बसली. पुढे संस्थानाने ब्रिटिश संहितांच्या धर्तीवर स्वतःचे कायदे केले. १९२१ मध्ये न्यायखाते कार्यकारी प्रशासनापासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश प्रांतांत ही मागणी दीर्घकाळ अपूर्णच राहिली होती. मात्र दरबारी भाषा आधी फार्सी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) विधीचे शिक्षणही उर्दूतून मिळे. त्यामुळे परभणी तालुक्यातील, नरसिंह मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या पोखर्णीसारख्या गावातील मराठीभाषक फिर्यादीस वा आरोपीस आपल्याविषयी कागदावर काय लिहिले गेले, हे दुसऱ्याकडूनच समजून घ्यावे लागे. फिर्याद, पंचनामा, जामीन, मुद्देमाल हे फार्सी-अरबी वळणाचे शब्द मात्र मराठीत रुळले व आजही टिकून आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता व १८९८ ची प्रक्रिया संहिता तेथे लागू झाल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला. वतनी पाटीलकी संपुष्टात आल्यानंतर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नियुक्त पोलीस पाटील हा गाव आणि पोलीस ठाणे यांमधील दुवा बनला. गुन्ह्याची वर्दी देणे व तपासास साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये होत.

१९७३ ची प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. तोंडी खबर लिहून घेऊन ती खबर देणाऱ्यास वाचून दाखविण्याचा नियम पूर्वीचाच होता. त्याला आता विनामूल्य प्रत देण्याची जोड मिळाली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाल्याने अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. १९९८ मध्ये कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली.

कोठडीतील व्यक्तीचे संरक्षण हा या विधीचा सर्वांत कठीण भाग होय. अटक केलेल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन संविधानातच आहे. डी. के. बसू प्रकरणी (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा साक्षांकित पंचनामा, आप्तांना सूचना व वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविली. तथापि नियम व व्यवहार यांतील अंतर मिटलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथील अशांततेनंतर अटक झालेल्या, विधीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १९७३ च्या संहितेची जागा घेतली आहे. झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण तीत बंधनकारक आहे. कोणत्याही ठाण्यात खबर देण्याची मुभाही तीत स्पष्टपणे नमूद आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाबाविषयीचे १८६१ चे तत्त्व नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे.