पट्टेरी सावलीची कुळकथा

उल्हासनगरजवळच्या आमच्या सोनिवलीत रात्री वीज गेली की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा उजेड खिडकीच्या गजांतून आत येतो. भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात, सरकत छतापर्यंत जातात आणि गाडी वळली की विझतात. इतकी वर्षं त्या पट्ट्या मी पाहत होतो, पण त्यांना घराणं आहे हे कळलं ते ॲलेक्स प्रोयास यांचा १९९८ चा ‘डार्क सिटी’ पाहिल्यावर.

त्या चित्रपटातल्या शहरात दिवस उजाडत नाही. रोज मध्यरात्री माणसं जागच्या जागी झोपी जातात, इमारती उगवतात आणि मावळतात, आणि काळ्या कोटांतले परके लोक एका डॉक्टरकरवी झोपलेल्यांच्या कपाळात सुई टोचून नव्या आठवणी भरतात. काल हलाखीत जगणारं जोडपं जागं होतं ते श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर, आणि आपण जन्मापासून इथेच बसत आलो अशी त्यांची खात्री असते. नायक जॉन मरडॉकला मात्र स्वतःचं नावही आठवत नाही. त्याच्या मनात एकच उजळ चित्र आहे: शेल बीच नावाचा समुद्रकिनारा. शहरात ज्याला विचारावं त्याला तो किनारा आठवतो, पण तिथे जायचं कसं हे कोणालाच सांगता येत नाही. हे सगळं दिसतं ते जिन्यांवरच्या लांब सावल्यांत आणि खिडक्यांतून पडणाऱ्या पट्ट्यांत.

या सावलीचा मूळ पुरुष जर्मनीत सापडतो. १९२० साली रॉबर्ट वीने यांचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ आला. पहिल्या महायुद्धात हरलेल्या देशातला हा चित्रपट. त्यात भिंती तिरक्या होत्या, खिडक्या वाकड्या होत्या, आणि सावल्या तर चक्क कुंचल्याने नेपथ्यावर रंगवलेल्या होत्या. गोष्ट सांगणारा तरुण स्वतःच मनोरुग्णालयात आहे, हे शेवटी कळतं. म्हणजे ‘आठवण खरी कशावरून?’ हा प्रश्न या घराण्यात पहिल्या पिढीपासूनच आहे. पुढे मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’मध्ये (१९२२) माणसाआधी त्याची सावली जिना चढली, आणि फ्रिट्झ लांग यांनी ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) अख्खं भविष्यातलं शहर उभं केलं.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि घराणं फुटलं. लांग गेले, बिली वाइल्डर गेले, रॉबर्ट सिओडमाक गेले. शेवटी हे सगळे अमेरिकेत पोचले. वाइल्डर यांची आई नाझींच्या वंशसंहारात गेली. १९४४ च्या त्यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये जुन्या वाड्यांतल्या झिलमिल्यांसारख्या पडद्यांतून येणाऱ्या पट्ट्या गुन्हेगाराच्या अंगावर पडल्या, आणि अटकेआधीच तो गजाआड दिसू लागला. युद्धकाळात अडलेले असे अमेरिकी चित्रपट १९४६ मध्ये एकदम पॅरिसला पोचले, तेव्हा इटलीत जन्मलेल्या नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना ‘न्वार’ म्हटलं. न्वार म्हणजे काळा. बारसं झालं तेही मायदेशापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या हातून.

दुसरी शाखा आपल्याकडे आली. १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. बर्लिनच्या ऊफा स्टुडिओचं काम दोघांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी म्युनिकहून दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग यांना आणलं. ही माणसं हिटलरपासून पळालेली नव्हती, ऑस्टेन तर नाझी पक्षाचा सदस्य होता. पण त्यांनी आणलेली प्रकाशयोजना त्याच घराण्यातली होती. त्याच वर्षी पुण्यात प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ आला. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम आदल्या वर्षी ‘सैरंध्री’च्या रंगकामासाठी जर्मनीला जाऊन आले होते. ‘अमृतमंथन’च्या हिंदी आवृत्तीतला, अंधारात पडदाभर दिसणारा चंद्रमोहन यांचा डोळा आजही चित्रपटाच्या इतिहासात सांगितला जातो.

१९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने इथल्या जर्मनांना शत्रू ठरवून स्थानबद्ध केलं. विर्शिंग यांची पुढची वर्षं छावण्यांत गेली. सुटल्यावर ते मालाडला परतले आणि १९४९ मध्ये त्यांनी कमाल अमरोही यांचा ‘महल’ चित्रित केला. अशोककुमार एका ओसाड हवेलीत पाऊल ठेवतो आणि भिंतीवर त्याला हुबेहूब आपल्याच चेहऱ्याची जुनी तसबीर दिसते. अंधारातून मधुबाला येते आणि गेल्या जन्मीच्या प्रेमाची आठवण करून देते. तो त्या आठवणीत बुडतो, आयुष्य उधळतो. अखेर उलगडतं की ती भूत नाही, माळ्याची मुलगी आहे. आठवण बाहेरून रुजवलेली होती. ‘डार्क सिटी’तली सुई येण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी तेच काम आपल्या मालाडमध्ये एका मुलीने नुसत्या शब्दांनी आणि विर्शिंग यांनी सावलीने केलं होतं. मराठीत कॅमेरा चालवणाऱ्याला ‘छायालेखक’ म्हणायची पद्धत आहे. तो शब्द विर्शिंग यांना पुरेपूर शोभतो. ते जर्मनीला कायमचे परतले नाहीत. १९६७ मध्ये ‘पाकीजा’चं काम चालू असतानाच त्यांचं निधन झालं.

‘महल’ पडद्यावर आला त्याच १९४९ साली आमच्या शेजारी एक शहर जन्मलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिकांच्या बराकींत गोणपाटांच्या आडोशाने संसार मांडले गेले. पत्ता म्हणजे बराकीचा नंबर. आजही रिक्षावाले ‘कॅम्प चार, कॅम्प पाच’ असंच ओरडतात.

तिथल्या एका वृद्ध कापड दुकानदारांकडे मी बरीच वर्षं जात असे. कापड फाडता फाडता ते सिंधमधल्या सख्खरच्या सिंधू नदीबद्दल सांगत: पाण्याचा रंग, घाट, होड्या. एकदा त्यांचा नातू गल्ल्यावर होता. तोही त्याच नदीबद्दल तसंच बोलला, जणू काल पोहून आला होता. तो उल्हासनगरातच जन्मलेला. सख्खर दोघांनाही आठवतं, जायचा रस्ता दोघांनाही नाही. ‘डार्क सिटी’ पाहताना शेल बीचचं नाव आलं तेव्हा मला आधी तो गल्ला आठवला.

रुजवलेली आठवण याच घराण्यात पुढेही भेटते. १९८२ च्या रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’मध्ये मानवनिर्मित तरुणी रेचेल आईसोबतचा फोटो दाखवून आपण माणूस असल्याचं सिद्ध करू पाहते, आणि तिला कळतं की आठवणी दुसऱ्याच मुलीच्या आहेत. तिचे डोळे भरतात ते मात्र खरेच. प्रोयास स्वतः इजिप्तमध्ये ग्रीक आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि लहानपणीच ऑस्ट्रेलियात आले. ही सावली पुन्हा पुन्हा घर सुटलेल्यांच्या हाती आली, आणि तिने पुन्हा पुन्हा तेच विचारलं: जागा गेली, नाव गेलं, आठवणही दुसऱ्याने दिलेली असली, तर मी कोण?

मी त्या नातवाच्या बाजूचा आहे. त्याची नदी आजोबांनी रुजवलेली आहे, म्हणून ती खोटी ठरत नाही. सुई आणि आजोबा यांत फरक एवढाच की आजोबांनी त्याला आधीची कोणतीही आठवण न पुसता ती नदी दिली.

सोनिवलीतही आता पावसाळा संपेपर्यंत एखादी नवी इमारत उभी राहिलेली असते. परवा वीज गेली तेव्हा शेजारची लहान मुलगी आमच्याकडे बसली होती. भिंतीवर पट्ट्या सरकल्या तशी ती घाबरून मला चिकटली. मी तिला खिडकीशी नेलं आणि समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून सांगितलं की तिथे भाताची खाचरं होती, पावसात बेडूक रात्रभर ओरडायचे. ती बराच वेळ अंधारात पाहत राहिली. मग म्हणाली, “हो, ऐकू येतात.”