उन्हाळ्यापासून चवदार तळ्यापर्यंत



कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. मुंबई-गोवा रस्त्याने संगमेश्वरकडे निघालात की आरवली, तुरळ, राजवाडी अशी उन्हाळी एकामागून एक लागतात. खाली राजापूरचं, वर दापोली तालुक्यातलं उन्हवरे. शहरातली पोरं पाठीवर पिशव्या टाकून तिकडे भटकतात. देवरूखवरून मार्लेश्वरला जायचं, धारेश्वर धबधब्याखाली भिजायचं, परतताना तुरळ-राजवाडीच्या कुंडात अंग शेकायचं. जरूर भटकावं. रात्रपाळी करून सुजलेल्या आमच्या पायांनाही ऊन पाणी गोडच लागतं. पण डोंगर बघायचा तर त्याचा इतिहासही बघायचा.

उन्हाळ्यावर लोक देवाची करणी म्हणून हात जोडतात. खरी करणी दगडाची आहे. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा झाला. त्याला भेगा आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून उसळून वर येतं. त्यासाठी इथे जिवंत ज्वालामुखी लागत नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात ही उन्हाळी पसरलीत. काही ठिकाणी पाणी ७० अंशांपर्यंत तापलेलं असतं.

म्हणजे काय? जो पाऊस खोताच्या कौलांवर पडला, तोच महारवाड्याच्या गवती छपरावर पडला. भेगेत शिरताना थेंबाला कुणी जात विचारली नाही. जात विचारली ती वर, पाणवठ्यावर, माणसानं.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण उतार खडा, जांभा सच्छिद्र. धबधबे गर्जतात आणि पाणी समुद्राला जाऊन मिळतं. वैशाखात त्याच डोंगराखालच्या वाड्या टँकरची वाट बघतात. म्हणून इथलं जगणं धबधब्यावर ठरत नाही, विहिरीवर आणि तळ्यावर ठरतं. पाणवठा ज्याच्या मुठीत, गाव त्याच्या मुठीत.

ही मूठ कायमची होती का? नाही. उन्हवऱ्याजवळच कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. आधी हीनयान, मग वज्रयान बौद्ध, पुढे नाथपंथी तिथे राहिले. म. न. देशपांडे यांनी त्यांच्यावर १९८६ साली ग्रंथ लिहिला. कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख तर सांगतात, की लोकांनी पाण्याची टाकी, 'पोढी', खोदवून दान दिली. पाणी अडवणं नव्हे, पाणी देणं हे पुण्य होतं. तो इतिहासही याच सह्याद्रीच्या दगडात कोरलेला आहे.

आता चाला महाडकडे. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तसा ठराव केला. कागदावर! मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा ४० रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं. कुलाब्यातून, रत्नागिरीतून आपली माणसं खांद्यावर भाकरी घेऊन डोंगरवाटा तुडवत आली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागे तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्याली. कोकणातली एक मोठी पदयात्रा ही, पण भटकंतीच्या पुस्तकात ती कोण छापतो? नंतर डोकी फोडली गेली, शेण-गोमूत्रानं तळं 'शुद्ध' केलं गेलं. नगरपालिकेनंही ठराव मागे घेतला. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला: अनादी काळापासूनची रूढी म्हणता, ती सिद्ध होत नाही.

हे ध्यानात ठेवा. अनादी आहे तो दगड, ते पाणी. बंदी कालची आहे.

हे एकट्या कोकणाचं नाही. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्स नावाचं शहर आहे. तिथल्या बड्या स्नानगृहांत काळी माणसं गोऱ्यांची अंगं चोळायला नोकर होती, पण तिथे त्यांना स्वतःला अंघोळ नव्हती. काळ्यांची स्नानगृहं वेगळी. पाणी मात्र त्याच डोंगरातलं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा ती भिंत कायद्यानं पडली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, ते उगाच नाही.

तेव्हा पोरांनो, पुढच्या सुट्टीत वाट अशी धरा. पन्हाळेकाजीची लेणी, मग उन्हवरे, मग मंडणगड तालुक्यातलं बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे. पुढे सावित्रीच्या खोऱ्यात सव गावचं ऊन पाणी, महाडजवळची गांधारपाले लेणी आणि शेवटी चवदार तळं. वाटेत प्रत्येक बौद्धवाडीत थांबा. म्हाताऱ्या आजीजवळ बसा आणि विचारा: तुमचा पाणवठा कुठला होता? कुंडावर तुम्हाला कुठे उभं करायचे? पहिली घागर कुणी, कधी भरली? वहीत नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. ती आजी गेली की तो इतिहास गेला. आणि आपण लिहिला नाही, तर फलकावर फक्त देवाचं नाव उरेल.

जय भीम.