प्रोजेक्टरचं चित्र फिकट, निळं किंवा ताणलेलं दिसतंय? सेटिंग या क्रमाने करा

गेल्या मे महिन्यात मी सांगलीहून आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात गेलो होतो. सोबत एक छोटा प्रोजेक्टर आणि आई-बाबांच्या लग्नाची, १९९४ सालची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतलेली फाइल. आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यांचं हलतं-बोलतं चित्र घरात एवढंच आहे.

सोप्यात भिंतीवर व्हिडिओ लावला. आजोबा दिसले तशी आज्जी म्हणाली, "ह्ये न्हवंत रं. ह्यांचं तोंड आसं सुजल्यालं कुटं हुतं? आन् रंग बी आसा न्हवता."

मी इंजिनीअर, आणि मी सेटिंगकडे बघितलंच नव्हतं. त्या रात्री जे केलं, ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीची पायरी चुकली तर पुढची करून उपयोग नाही.

१. आधी अंधार, भिंत आणि आकार

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जिथे काळं आहे, तिथे तो फक्त प्रकाश कमी पाडतो. म्हणून ट्यूब चालू असेल तर चित्रातलं काळं हे ट्यूबच्या उजेडातल्या भिंतीपेक्षा जास्त काळं होऊच शकत नाही. मेन्यूत कितीही खटपट करा.

आता हिशोब बघा. २०० एएनएसआय ल्युमेनचा प्रोजेक्टर घेऊ. ६० इंची (१६:९) चित्राचं क्षेत्रफळ साधारण १ चौरस मीटर, म्हणजे भिंतीवर २०० लक्स. तेच चित्र १०० इंच केलं की क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर आणि उजेड फक्त ७२ लक्स. घरातली ट्यूब भिंतीवर सहज ५० ते १०० लक्स टाकते. म्हणून छोट्या प्रोजेक्टरवर मोठ्या चित्राचा मोह टाळा. खोक्यावरचा मोठा आकडा नुसत्या 'ल्युमेन'चा असेल तर विश्वास ठेवू नका. एएनएसआय किंवा आयएसओ लिहिलंय का बघा.

आमची भिंत पिस्ता रंगाची होती. मग चेहरे हिरवट दिसणारच! पांढरी, बिनरेघांची चादर ताणून बांधली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे, त्यांचंही गणित हेच: तंबूमुळे अंधार आणि समोर पांढरा पडदा. (महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट आहे, जरूर बघा.)

२. कीस्टोन शेवटचा उपाय

चित्र एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद दिसलं की आपण लगेच कीस्टोन फिरवतो. पण डिजिटल कीस्टोन चित्र दाबून चौकोनी करतो. त्यात काही पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं मऊ पडतात. आधी प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा. खाली पाट, पुस्तकं, काहीही चालेल. मग फोकस. राहिलंच तर थोडा कीस्टोन, आणि त्यानंतर फोकस पुन्हा एकदा.

३. आस्पेक्ट रेशो

'सुजलेल्या तोंडा'चं कारण इथे सापडलं. जुनी कॅसेट ४:३ आकाराची, प्रोजेक्टर १६:९ चा. सेटिंग 'फुल'वर असल्याने चित्र आडवं ताणलं गेलं होतं. 'ऑटो' किंवा '४:३' करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. फोन कास्ट करत असाल तर तो आडवा धरा.

४. पिक्चर मोड

डायनॅमिक किंवा व्हिविड: उजेड सगळ्यात जास्त, पण रंग बहुतेक वेळा निळसर-हिरवट. दिवसा किंवा अंगणात मॅच बघायला ठीक.

सिनेमा किंवा मूव्ही: अंधारात चित्रपट आणि घरचे व्हिडिओ. उजेड कमी वाटेल. दोन मिनिटांत डोळे सरावतात.

गेम: चित्रावरची प्रक्रिया कमी, त्यामुळे बटण दाबल्यावर उशीर कमी.

प्रेझेंटेशन: दिवे चालू ठेवून स्लाइड दाखवायला.

कलर टेंपरेचरमध्ये ६५०० के किंवा 'वॉर्म' निवडा. व्हिडिओसाठीचा प्रमाणित पांढरा याच्याच जवळचा असतो.

५. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट

नावं फसवी आहेत. ब्राइटनेस मुख्यतः काळं ठरवतो, कॉन्ट्रास्ट पांढरं. व्हिडिओ थांबवा. काळ्या कोटाच्या चुण्या दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा. काळं राखाडी व्हायला लागलं की एक पायरी मागे. मग पांढऱ्या कपड्याकडे बघा आणि घड्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करा. आम्ही आजोबांच्या धोतरावर जुळवलं.

६. शार्पनेस, मोशन, रंग

शार्पनेसने नवा तपशील येत नाही, फक्त कडा ठळक होतात. अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसली तर कमी करा. कॅसेटच्या व्हिडिओत तर मुंग्याच वाढतात. चित्रपटाला मोशन स्मूदिंग बंद. कलर शेवटी, चेहऱ्यांकडे बघून. फोनच्या कॅमेऱ्यातून बघून रंग ठरवू नका. तो स्वतःच व्हाइट बॅलन्स बदलत असतो.

एवढं सगळं करायला मला वीसेक मिनिटं लागली. पुन्हा व्हिडिओ लावला. अक्षता वाटणारे आजोबा आले. आज्जी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हां, ह्येच. जरा मागं घे की."

तेव्हा रिमोट हातात घेतलात की आधी कोणाचा तरी ओळखीचा चेहरा पडद्यावर थांबवा. सेटिंग बरोबर आहे की नाही, हे त्या माणसाला ओळखणाऱ्याला विचारा.