उसने यंत्र, टंकलेखिका आणि युनिक्स

‘युनिक्स’ या संगणकप्रणालीची जन्मकथा बहुधा दोन प्रतिभावंतांची कथा म्हणून सांगितली जाते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या थोरवीविषयी आमचे दुमत नाही. तथापि या कथेचा आरंभ आम्हांस यंत्राच्या टंचाईत दिसतो आणि तिचे निर्णायक वळण टंकलेखिकांच्या मेजावर. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे वळावे ते याचसाठी.

अमेरिकेतील बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था १९६९ साली ‘मल्टिक्स’ या प्रकल्पातून बाहेर पडली. एका महागड्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या जागेवरून काम करावे, ही त्या प्रकल्पामागची कल्पना. तो सुटला तेव्हा यंत्र तर गेलेच. पण एका यंत्राभोवती जमणाऱ्यांचा सहवासही गेला. रिचींनी पुढे आपल्या लेखनात या सहवासालाच अधिक मोल दिले आहे. नव्या, मोठ्या यंत्रासाठी या मंडळींनी केलेले प्रस्ताव व्यवस्थापनाने फेटाळले.

मग हाती आले ते दुसऱ्याच विभागाचे, फारसे वापरात नसलेले पीडीपी-७. थॉम्पसन यांचे त्याच्याकडे लक्ष गेले तेही एका खेळापायी. अंतराळप्रवासाचा तो खेळ मोठ्या यंत्रावर खेळायचा तर एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा यंत्रखर्च पडे. या जुन्या यंत्राची स्मृती आजच्या हिशेबाने १८ किलोबाइटच्या आसपास. प्रस्तुत लेख युनिकोडात साठवला तर तिचा निम्म्याच्या जवळपास भाग व्यापील! १९६९च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांच्या पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियास सासरी गेल्या. त्या अवधीत प्रणालीचा गाभा, आज्ञा स्वीकारणारा शेल, संपादक आणि असेंब्लर यांना त्यांनी एकेक आठवडा दिला. या यंत्रावर पुढे दोघे एकाच वेळी काम करू शकत. बहुवचनाचा आरंभ द्विवचनाने झाला, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल.

परंतु यंत्र उसने होते आणि कालबाह्यही. १९७०च्या आरंभी जो ओसाना यांनी नवा प्रस्ताव मांडला. किंमत सुमारे ६५,००० डॉलर, म्हणजे आधीच्या मागण्यांहून पुष्कळ कमी. आणि हेतू नवी प्रणाली रचण्याचा नव्हे, तर मजकूर संपादित करून नीट मांडून देण्याचा. हा प्रस्ताव मंजूर झाला. पीडीपी-११ उन्हाळ्याच्या अखेरीस आले, मात्र त्याची डिस्क डिसेंबरात. मधल्या काळात ते यंत्र सहा गुणिले आठ घरांच्या पटावर बुद्धिबळाच्या घोड्याचे सारे फेरे मोजत बसले होते. रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’तील तुरगपदबंध ज्यांनी शिकवला आहे, त्यांना ही करमणूक परकी वाटू नये.

मजकुराची बाब ही निव्वळ सबब होती, असे काही जण मानतात. आम्हांस हे पटत नाही. दिलेला शब्द या मंडळींनी पाळला. १९७१ साली संस्थेच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखिका याच यंत्रावर अर्जांचे मसुदे टंकित करू लागल्या. इतिहासकथनात त्या एका वाक्यापुरत्या येतात. वस्तुतः आपल्या कर्त्यांच्या वर्तुळाबाहेर युनिक्सला लाभलेल्या पहिल्या खऱ्या वापरकर्त्या त्याच. एकाच्या स्मृतीत दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये, याची कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती. प्रणालीकारांच्या एका चुकीने साऱ्यांचेच काम कोसळे. त्यामुळे शेजारी टंकलेखन चालू असताना नवा प्रोग्राम चालवून पाहणे हे धाडसच असे. डिस्क जेमतेम अर्ध्या मेगाबाइटची; म्हणून टंकित मजकूर काही तासांनी फितीवर हलवून जागा मोकळी करावी लागे. अशा अडचणीतही काम पार पडले. पेटंट विभागाने युनिक्स स्वीकारले, आणि त्या पतीवर या मंडळींना पीडीपी-११/४५ हे अधिक समर्थ यंत्र मिळाले.